रिकामा पासवर्ड

रसायनशास्त्राच्या तासावरून लारिसा खोलीवर आली, हातमोजे दातांनीच ओढून काढले आणि काँप्युटरसमोर बसली, तर पडद्यावर एक पिवळं पान उभं होतं. तुमचा काँप्युटर विद्यापीठाच्या नेटवर्कवरून काढण्यात आला आहे. त्यापासून इतरांना धोका आहे. काँप्युटर घेऊन तळघरातल्या मदत-कक्षात यावे. तिने पान बंद केलं, ते परत आलं. भिंतीतली निळी वायर उपसून पुन्हा खोचली, तरी तेच. संध्याकाळपर्यंत निबंध पाठवायचा होता, पण निबंधाचं राहिलं बाजूला, तिच्या डोक्यात तो एकच शब्द रुतून बसला. धोका. आजवर लारिसा ओलेक्सिनपासून कुणाला धोका नव्हता. घरी कोंबडी मारायची वेळ आली की ती भावाला हाक मारायची आणि स्वतः गोठ्यामागे जाऊन उभी राहायची. सगळ्या वसतिगृहात अशा पोरी होत्या की ज्यांच्यापासून खुशाल धोका असावा, आणि नाव निघालं ते हिचं. तिचे कान तापले. खोलीत कोणी नव्हतं तरी तिने उठून दाराकडे पाहिलं. दार नेहमीप्रमाणे अर्धवट उघडं होतं आणि फटीत तिच्या रूममेटचा, रोशेलचा, बर्फातला बूट आडवा पडला होता.

तो बूट तिथे पहिल्या आठवड्यापासून होता. आत कोणी असलं की दार उघडं ठेवायचं, अशी त्या मजल्यावरची रीत. दार लावून बसणारी पोर एकतर रडत असते नाहीतर शिष्ट असते, असं सगळ्या समजून होत्या. लारिसाला ही रीत ऐकून घरी आल्यासारखं वाटलं होतं. तिच्या गावी, म्हणजे गाव कसलं, गव्हाच्या सपाट समुद्रात चार घरं आणि धान्याची एक उंच कोठी, कुलूप कुणालाच ठाऊक नव्हतं. हिवाळ्यात वादळ सुटलं की रस्ता आणि शेत एक होतं, गाडी अडकते, माणूस दिसेल त्या उजेडाकडे चालत सुटतो. त्याला दार उघडं मिळालं नाही तर तो उंबऱ्यावर मरतो. म्हणून उघडं ठेवायचं. तिचे वडील दर नाताळात, पेरोग्यांचं, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांचं, ताट फिरत असताना, तीच गोष्ट सांगायचे. लारिसाच्या जन्माआधीच्या एका वादळात बियाणं विकणारा एक माणूस रात्री घरात शिरला, चुलीपाशी झोपला, आणि सकाळी ही मंडळी उठून बघतात तर कॉफी तयार. “आपल्या घराला किल्ली आहे की नाही हेच मला माहीत नाही,” असं म्हणून वडील गोष्ट संपवायचे, आणि सगळे हसायचे. लारिसा त्या गोष्टीवर वाढली होती. काँप्युटर गोधडीत गुंडाळून वडिलांच्या ट्रकमधून वसतिगृहात आला, पहिल्यांदा चालू करताना त्याने पासवर्ड विचारला, तेव्हा तिने ती चौकट रिकामी सोडून पुढे जा म्हटलं होतं. पाठीमागे रोशेल पलंगावर मांडी घालून चिप्स खात बसली होती.

“पासवर्ड नाही ठेवत?” रोशेलने विचारलं होतं.

“आमच्याकडे कुलपं नसतात,” लारिसा म्हणाली होती, आणि म्हणताना तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. “तूही वापर. विचारायचं नाही.”

“बघ हं पोरी. मी एकदा बसले की उठत नाही.”

रोशेल बॅलनटाइन तिच्यापेक्षा बरीच मोठी होती. नर्सिंगला आलेली, उत्तरेकडच्या ला रोंजची, क्री आदिवासी. तिची मुलगी टॅनिस तिकडे रोशेलच्या आईपाशी राहायची, पहिलीत होती. शाळेतली बाई दर शुक्रवारी पोरीचा एखादा फोटो पाठवायची. टॅनिस पुढचे दात पडलेली. टॅनिस माशाला नाकाजवळ धरून. टॅनिसने काढलेलं अस्वल, ज्याला पाच पाय होते, कारण एक पाय, रोशेलने समजावून सांगितलं, “पळायचा.” शुक्रवारी रोशेल दवाखान्यातला पांढरा कोट न काढताच लारिसाच्या खुर्चीत बसायची आणि फोटो उघडताना पडदा वरून खाली हळूहळू भरत यायचा, आधी आभाळ, मग टोपी, मग कपाळ. “आली, आली,” ती म्हणायची. विद्यापीठाने दिलेली ई-मेलची टपालपेटी टीचभर, चार फोटो आले की भरायची आणि पुढचं सगळं परत पाठवायची. म्हणून रोशेल फोटो लारिसाच्या काँप्युटरवर एका फोल्डरमध्ये ठेवायची आणि पेटीतलं मूळ पुसून टाकायची. फोल्डरचं नाव टॅनिस. ते लारिसाच्या निबंधांच्या शेजारीच असायचं.

काँप्युटरचा खोका छातीशी धरून जिना उतरताना लारिसाला वाटलं की भेटणारी प्रत्येक पोर त्या खोक्याकडेच बघते आहे. तळघरात ओळीने तसलेच खोके मांडले होते, पोटं उघडलेले, आणि त्यांच्यामध्ये मर्व्हिन नावाचा एक थकलेला माणूस सूपचा डबा घेऊन बसला होता. तिला बरं वाटायला हवं होतं, की आपण एकट्या नाही. पण तसं वाटलं नाही. दवाखान्यात आपल्यासारखे रोगी दिसले म्हणून कुणाला बरं वाटतं?

“किडा शिरलाय,” मर्व्हिन म्हणाला. “तुमच्या काँप्युटरमधून बाहेर काय काय चाललंय याची तुम्हाला कल्पना नाही. सगळ्या मजल्याला खोकला लागलाय. अनोळखी मेलला चिकटून आलेलं काही उघडलंत का? चित्रं, गाणी?”

“मी नाही उघडत.”

“मग दुसरं कोणी वापरतं का?”

हा प्रश्न त्याने चमचा सुपात बुडवतच विचारला. त्यात काही नव्हतं. तो ओळीतल्या प्रत्येकाला तेच विचारत असणार. पण लारिसाच्या आत कुठेतरी सुटल्यासारखं झालं. पिवळं पान पाहिल्यापासून जो दोष डोक्यावर होता तो एकदम हलका झाला, त्याला दुसरं कोणीतरी उचलायला मिळालं. “माझी रूममेट वापरते,” ती म्हणाली. आणि मग, न विचारताच, “तिला दर आठवड्याला चित्रं येतात. उत्तरेकडून.” उत्तरेकडून हे तिने का जोडलं? किडा काय दिशा बघून येतो? तो शब्द तिच्या तोंडून गेला आणि तिला ऐकू आला, आणि त्याला एक ओळखीचा वास होता. शुक्रवार आठवले. फोटो भरत येताना गुरगुरणारा खोका आठवला, आणि खुर्चीवर राहिलेला दवाखान्यातल्या साबणाचा वास. आजवर हे सगळं तिला आवडत होतं असं ती समजत होती. आता तेच सगळं उलटं होऊन समोर आलं, आणि तिला चटकन पटलं की घाण शिरली ती तिथूनच. इतकं चटकन की जणू ते आत तयारच होतं.

“सगळं पुसून नव्याने बसवावं लागेल,” मर्व्हिन म्हणाला. “सुक्याबरोबर ओलंही जायचं. ठेवायचं काय ते आत्ता सांगा, तेवढं मी तपासून डिस्कवर उतरवून देतो.”

तिने निबंध सांगितला. रसायनशास्त्राची टिपणं. घरचे फोटो, कुत्र्याचे, कोठीमागच्या सूर्यास्ताचे.

“बस?”

तेव्हा तिला फोल्डर दिसलं. आठवलं नाही असं नव्हे. निबंधांच्या शेजारी, पिवळं, खाली नाव, स्वच्छ दिसलं. सांगितलं तर मर्व्हिन म्हणेल, हेच का ते उत्तरेकडचं? मग तो ते उघडेल, टॅनिसच्या दात पडलेल्या तोंडाकडे संशयाने बघेल. किंवा म्हणेल, हे ठेवलंत तर किडा परत येईल. किंवा काहीच म्हणणार नाही, नुसता उतरवून देईल, आणि मग दोष पुन्हा लारिसाच्याच पदरात येऊन पडेल. आणि या सगळ्याखाली एक अगदी लहान, हट्टी विचार होता, की माझा काँप्युटर, माझी बदनामी, आणि जपायचं मात्र तिचं. मर्व्हिनने चमचा चाटला आणि वर पाहिलं.

“एवढंच,” लारिसा म्हणाली.

संध्याकाळी रोशेल आली तेव्हा टेबलावर धुळीची एक चौकोनी रेघ तेवढी होती. लारिसाने निबंध वाचनालयातून पाठवला होता आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“काय झालं, पडसं?” रोशेलने टेबलाकडे बोट दाखवून विचारलं.

“किडा. तळघरात नेलाय.”

“अरे देवा. वाचेल ना पेशंट?”

“सगळं पुसणार आहेत.”

फोल्डरचं सांगायला ती वेळ योग्य होती. रोशेल बूट दारात सारून म्हणाली, “पण आपलं सामान काढून घेतलंस ना?” तिने आपलं म्हटलं. लारिसा भिंतीकडे बघूनच हं म्हणाली. हं म्हणजे हो की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि रोशेलने हो ठरवलं. तिने पिशवीतून डबा काढला. तिच्या मावशीने पाठवलेली बॅनकची जाड भाकरी होती, वर जांभळांचा मुरंबा. अर्धा तुकडा तिने लारिसाच्या खांद्यावरून पुढे धरला. “खा. काँप्युटर आजारी आहे, तू नाहीस.” लारिसाने खाल्ला. तिला भूक लागली होती, आणि भूक लागली आहे याची लाज वाटत होती, तरी तिने बोटंही चाटली.

दोन दिवस ती तासांना बसली पण ऐकलं काहीच नाही. तिला वसंतातल्या एका दुपारची सारखी आठवण यायला लागली, जी नाताळच्या ताटाभोवती कधी कुणी सांगितली नव्हती. दर वर्षी बर्फ वितळलं की शेतातून दगड वर येतात. पेरणीआधी ते वेचायला आदिवासींच्या राखीव वस्तीवरची माणसं यायची, ट्रकच्या मागे बसून. दुपारी ती पायऱ्यांवर बसून डबे खायची. लारिसा तेव्हा शाळेतही जात नसेल. स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारापाशी ती उभी होती आणि लांब वेणीची एक बाई पाणी मागायला वर आली. आईने मोठा जग भरून बाहेर दिला, बर्फसुद्धा घातला, हसली. मग तिने दार लावलं आणि कडी घातली. ती कडी आहे हे लारिसाला तोवर माहीतही नव्हतं. इतकी वर्षं न वापरल्यामुळे ती गंजली होती, आईला दोन्ही हातांनी रेटावी लागली, आणि तिचा आवाज मोठा झाला. जाळीपलीकडे ती बाई अजून वळली नव्हती, जग तिच्या हातात होता. तिने ऐकलं. संध्याकाळी ट्रक गेला आणि आईने कडी काढली, आणि डिसेंबरात वडिलांनी पुन्हा सांगितलं की आपल्या घराला किल्ली आहे की नाही हेच मला माहीत नाही. ते खोटं बोलत नव्हते. त्या दुपारी ते शेतावर होते. लारिसा मात्र आत होती. तिने कडीही ऐकली आणि गोष्टही, आणि दोन्ही एकाच डोक्यात इतकी वर्षं शेजारी शेजारी ठेवली, तरी त्यांची एकमेकींशी ओळख म्हणून कधी होऊ दिली नाही.

गुरुवारी ती खोका आणायला गेली. मर्व्हिनने तिला एक छापील कागद दिला, ज्यावर पासवर्ड कसा असावा ते लिहिलं होतं, कुत्र्याचं नाव नको वगैरे.

“ती चित्रं नव्हती बरं का,” तो म्हणाला. “मला वाटलं होतं तसं, पण नाही. हा किडा नेटवर्कवर फिरतो आणि एकेका काँप्युटरची कडी हलवून बघतो. तुमच्या काँप्युटरच्या मुख्य खात्याला पासवर्डच नव्हता. दार सताड उघडं. आला आणि बसला.”

“म्हणजे माझ्यामुळे.”

“शेतावरची ना तुम्ही?” तो हसला, तिला बरं वाटावं म्हणून. “शेतावरची पोरं ओळखू येतात. इथे वादळात अडकलेलं कोणी येत नाही हो. येतात ते नुसतेच येतात.”

तिने काउंटरची कड धरली. “एक फोल्डर राहिलंय. टॅनिस नावाचं.”

मर्व्हिनचं हसू गेलं. “मी विचारलं होतं.”

“हो.”

“आता काही नाही उरलेलं. त्याच्यावर दुसरं लिहून झालंय.” मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, “ज्यांनी पाठवलं त्यांच्याकडे असेल की.”

ही वाट तिला कशी सुचली नव्हती! तिचा जीव थोडा भांड्यात पडला. खोलीवर येऊन, खोका जोडायच्या आधीच, तिने ला रोंजच्या त्या शाळेचा नंबर शोधून फोन केला. खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तरी फोनवर तिने सांगितलं की रोशेलच्या कामासाठी बोलते आहे. बाई फार गोड होत्या. मागे मुलांचा कलकलाट होता, त्यात एक आवाज टॅनिसचा असेल. “कॅमेरा फ्लॉपीवाला आहे बाळा,” बाई म्हणाल्या. “फ्लॉपी एकच. पाठवून झालं की पुसून पुढच्या मुलाचा काढते. अस्वलाचं चित्र तर ती घरी घेऊन गेली, आजीने चूल पेटवली असेल त्याने.” आणि त्या हसल्या. लारिसाही हसली, कारण फोनवर समोरचं माणूस हसलं की हसतात. रिसीव्हर ठेवल्यावर तिला कळलं की आता कुठेच काही नाही. पुन्हा काढावेत तर पोरीचे दातही यायला लागले असतील.

मग तिने काँप्युटर जोडला. पासवर्डची चौकट आली आणि तिने ती भरली, अक्षरं, आकडे, सगळं कागदावर सांगितल्याप्रमाणे. शहाण्या माणसाने करायला हवं तेच ती करत होती. कुणीही तिला नावं ठेवली नसती. तरी प्रत्येक अक्षरागणिक एक काळा ठिपका उमटत गेला, आणि तिला गंजलेलं लोखंड दोन्ही हातांनी रेटल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी सकाळपासून त्या हिवाळ्यातलं पहिलं बर्फ पडत होतं. रोशेल दुपारी आली, बूट झटकून दाराच्या फटीत आडवा टाकला, कोट न काढताच खुर्चीत बसली. “पेशंट घरी आला! बघू, बाईंनी काय पाठवलंय.” तिने बटण दाबलं. लारिसा आपल्या पलंगावर पुस्तक उघडून बसली होती. चौकट आली असणार, कारण रोशेलचे हात थांबले.

“हे काय विचारतंय?”

“पासवर्ड. ठेवायला सांगितलाय. तुला सांगते.”

“सांग की.”

“रोशेल.” तिने पुस्तक मिटलं. “फोटो गेले. टॅनिसचे.”

रोशेल वळली नाही. “तू म्हणालीस काढून घेतलं.”

“मी हं म्हणाले.”

आता थांबता आलं असतं. विसरले म्हणता आलं असतं. विसरण्यावर कोण रागावतं, आणि रोशेल तर नाहीच, ती म्हणाली असती, जाऊ दे पोरी, नवे येतील. ते वाक्य लारिसाला ऐकूही आलं, रोशेलच्या आवाजात, आणि तिला त्याची तहान लागली. पण जिच्या पाठीकडे बघून बोलायचं होतं ती पाठ इतकी विश्वासाने वाकलेली होती की विसरले हा शब्द तिला वापरता येईना.

“त्याने मला विचारलं, ठेवायचं काय. मला तुझं फोल्डर आठवलं होतं. मी सांगितलं नाही.”

“का?”

“मला वाटलं किडा त्यातूनच आला.”

“त्यातून म्हणजे?”

“फोटोंतून. तिकडून.” तिने पुस्तक बाजूला सारलं. “तसं नव्हतं. माझाच पासवर्ड रिकामा होता. पण मला तसं वाटलं. लगेच वाटलं. मी तुझं नावही सांगितलं. शाळेत फोन केला, बाईंकडेही नाहीत. मला माफ कर.”

रोशेलने कळफलकावरचे हात उचलून मांडीवर ठेवले. रिकाम्या चौकटीत एक उभी रेघ लुकलुकत होती, लिहा, लिहा म्हणून.

“एक सांगू?” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “मला पहिल्याच दिवशी शंका आली होती. इतकं मोकळं दार कुणी दाखवलं की मी आधी बिजागऱ्या बघते, ते लागतं कसं म्हणून. मग तू तशी नाहीस असं वाटलं. बॅनक खातेस, हसतेस. म्हटलं, आपलंच मन वाकडं.”

“पासवर्ड सांगते ना,” लारिसा म्हणाली. “थांब, लिहून देते. किंवा काढूनच टाकते.”

“नको. असू दे. ठेवायलाच हवा, बरोबर आहे ते.” ती उठली. खुर्ची तिने नीट टेबलाखाली सरकवली, तशी ती कधी सरकवत नसे. “मी वाचनालयात बघते. आज दात आलेला फोटो येणार होता.”

“तिथे ठेवता येणार नाही. पेटी भरेल.”

“बघून पुसेन,” रोशेल म्हणाली.

ती दारापाशी खाली बसली आणि फटीतला बूट ओढून पायात घातला. बाहेर बर्फ होतं, बूट लागणारच होता. लारिसाने ते स्वतःला सांगितलंही. बूट निघाल्यावर दार आपल्या वजनाने हळूहळू लोटलं जाऊ लागलं. पलीकडे कॉरिडॉरमध्ये कोणाचं तरी गाणं चालू होतं, ते बारीक होत गेलं. खोलीत लारिसा होती, आणि आत कोणी असताना त्या मजल्यावर कुणी दाराला किल्ली लावत नसे. रोशेलला ते माहीत होतं. पिशवीत किल्ल्यांचा खुळखुळाट झाला, थांबला, मग जुन्या कुलपात किल्ली शिरली. ते कुलूप कधीच वापरलेलं नव्हतं, म्हणून पहिल्यांदा किल्ली अडली, मग जोर लावल्यावर फिरली. आवाज मोठा झाला. आतून ते दार बोटाने उघडलं असतं. लारिसा उठून दारापर्यंत गेली, त्या दुपारी जाळीच्या दारापाशी उभी होती तशी उभी राहिली, आणि बर्फातले बूट कॉरिडॉरभर लांब जाताना ऐकत राहिली.